बोटीवरच्या माझ्या भावांनो, आमच्या गावाचे दिवे लांबूनच बघा

मर्चंट नेव्हीत असलेल्या माझ्या मराठी भावांनो, कॅडेट असा, एबी असा, बोसन असा, मेट असा नाहीतर कॅप्टन असा, हे पत्र तुम्हाला आहे. घरी तुमच्या फोनची वाट बघत बसलेल्या आया-बहिणी-बायकांनी पण वाचावं, कारण मी त्यातलीच एक आहे.

माझं माहेर करंजा, उरणजवळचं. कोळ्याचं घर. बाबांची होडी होती, पण धाकटा भाऊ होडीवर गेला नाही, तो बोटीवर गेला. आपल्याकडे होडी वेगळी (मासेमारीची) आणि बोट वेगळी (मोठं जहाज) हे तुम्हाला सांगायला नको, "पोरगा बोटीवर असतो" म्हटलं की लग्नाच्या बोलणीत वजन येतं. मी २०१४ ला लग्न होऊन मॉरिशसला आले. सासर मराठीच, नवऱ्याचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, करून आलेले, घरात आता क्रेओल बोलतात पण गणपती बसतो, आरत्या मराठीत म्हणतात, आणि गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. आमचं गाव माएबूर. पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडून हे नाव ऐकलं तेव्हा मला "माहेर"च ऐकू आलं होतं, आणि पुढे ते तसं झालंही.

बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे हे. विमानतळ इथून जवळच, सगळे टुरिस्ट आमच्या बाजूलाच उतरतात आणि सरळ हॉटेलांकडे निघून जातात. गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी वसवलेलं, लहानच. एका बाजूला सिंहासारखा बसलेला डोंगर, त्याचं नावच लायन माउंटन, समोर खाडीसारखा मोठा बे, सोमवारी बाजार भरतो त्यात भाजीपासून चपलांपर्यंत सगळं, मैनियोकची बिस्किटं करणारा एक जुना कारखाना आहे १८७० पासूनचा (मैनियोक म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच), आणि किनाऱ्याला ओळीने बांधलेल्या रंगीत होड्या. होडीला इथे पिरोग म्हणतात.

इथला समुद्र आपल्यासारखा नाही. आपल्याकडे गढूळ पाणी, चिखल, खाडी, भरती-ओहोटीचा मोठा फरक. इथे किनाऱ्यापासून एखाद-दोन किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा तिथेच फुटतात, लांबून बघितलं की फेसाची एक पांढरी रेघ दिसते आणि रेघेच्या आतलं पाणी शांत, उथळ, तळ दिसेल इतकं स्वच्छ. त्याला लगून म्हणतात. गावातले बरेच मासेमार त्या रेघेच्या आतच कमावतात, पिंजरे टाकून, गळ टाकून, जाळी लावून. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात चालत जाऊन सळईने ऑक्टोपस काढतात, त्याला उरीत म्हणतात, हळद मोहरी लसूण मिरची व्हिनेगर घालून त्याचं विंदाय करतात, माझ्या सासूबाईंच्या हातचं विंदाय खाल्लं की मला लोणचं आणि कालवण दोन्ही एकदम आठवतं. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर उरीत काढायला बंदी असते, आपल्या पावसाळी बंदीसारखीच, पिल्लं मोठी व्हावी म्हणून. किनाऱ्यावर मासे विकत घेणाऱ्याला बनियां म्हणतात. हा शब्द ऐकला तेव्हा मला हसूच आलं, आपला बनिया इथे मासे विकतोय म्हणून.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की ती पांढरी रेघ म्हणजे या गावाचं घर, शेत आणि पगार आहे. तुमच्या स्क्रीनवर ती बारीकशी खूण असेल, किंवा चार्ट (समुद्राचा नकाशा) मोठ्या एरियाचा असेल तर धड दिसणारही नाही. आणि गोष्ट तिथेच सुरू झाली.

२५ जुलै २०२०, शनिवारची संध्याकाळ. वाकाशियो नावाची बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारी बोट, जवळजवळ ३०० मीटर लांब, पनामाचा झेंडा, मालक जपानी, रिकामी चाललेली सिंगापूरकडून ब्राझीलला, आमच्या शेजारच्या पॉइंट देस्नीसमोर प्रवाळावर चढली. रविवारी सकाळी लोक किनाऱ्यावर जमले तेव्हा क्षितिजावर दिसणारी बोट एकदम अंगणात आल्यासारखी उभी होती. आमच्या शेजारचे काका, सगळे त्यांना टोंटों म्हणतात, साठी ओलांडलेले, जन्मभर पिंजरे टाकणारे, ते माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाले की ती आता जात नाही. थंडीचे दिवस होते, आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा इथे थंडी असते आणि समुद्र उसळलेला असतो, रोज लाटा तिला आपटत होत्या आणि रोज ती थोडी थोडी खाली बसत होती. पोटात ३८०० टनाच्या वर फ्युएल ऑइल. बारा दिवस आम्ही बघत होतो. ३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, मी एकटीनेच वॉटरफ्रंटवर जाऊन नारळ सोडला, आणि समोर ती बोट.

६ ऑगस्टला तेल बाहेर आलं.

पहिला आला तो वास. डांबर तापवताना येतो तसा, पण घशात चिकटणारा, दारं-खिडक्या लावल्या तरी घरात, माझ्या मुलीला दुपारपर्यंत उलट्या. मग पाणी. निळं पाणी काळं झालं असं लोक लिहितात, पण ते तसं नव्हतं, ते जाड झालं होतं. लाट यायची पण फुटायची नाही, आवाजच करायची नाही, नुसती सरकत यायची आणि दगडावर साय बसल्यासारखी बसायची. टोंटोंची पिरोग पिवळी होती, खाली निळा पट्टा. तिच्या कडेने हातभर काळी रेघ चढली, त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि त्याने पुसायला लागले, पुसलं की पसरायचं, पुसलं की पसरायचं, शेवटी शर्ट तिथेच टाकून ते उघडे बसून राहिले थंडीत. मी बाबांना असं बसलेलं बघितलंय, म्हणून मला तिथे उभं राहवेना. त्याबद्दल पुढे सांगते.

त्यानंतर गावाने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेल अडवायचे बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारे अडसर, पाहिजेत, ते सरकारकडे पुरेसे नव्हते. मग लोकांनीच बनवायचं ठरवलं. कसले? तर उसाच्या पाचटाचे. ऑगस्ट म्हणजे इथे तोडणीचा सीझन, ट्रक भरभरून पाचट आलं, कापडाच्या नाहीतर जाळीच्या लांब पिशव्या शिवायच्या, त्यात पाचट ठासून भरायचं, तरंगावं म्हणून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधायच्या आणि ते लांबच लांब गुंडाळे पाण्यात सोडायचे. माएबूरच्या वॉटरफ्रंटवर दिवसरात्र हेच चाललेलं. देशभरातून माणसं आली, हिंदू मुसलमान ख्रिश्चन चिनी सगळे, सलूनवाल्यांनी फुकट केस कापले आणि ते केस बायकांच्या स्टॉकिंगमध्ये भरून दिले कारण केस तेल धरून ठेवतात, सरकार म्हणत होतं की साफसफाई अधिकाऱ्यांवर सोडा, कोणी सोडली नाही. मी शिवणकामात होते. सुतळी ओढून ओढून बोटं कापलेली, त्यात तेल गेलेलं, रात्री खोबरेल लावून हात चोळायचे तेव्हा कुठे काळं निघायचं, नखात तर महिनाभर होतं. सासूबाई माझ्या शेजारी बसून पाचट भरत होत्या. एकदा थांबल्या आणि हातातल्या पाचटाकडे बघत म्हणाल्या की आमच्या आजोबांचे हात यानेच कापले जायचे, हेच आज कामाला आलं. मग परत भरायला लागल्या.

साधारण १००० टन तेल समुद्रात गेलं. बाकीचं त्यांनी पंपाने काढलं, १२ ऑगस्टपर्यंत, आणि १५ तारखेला बोटीचे दोन तुकडे झाले, म्हणजे तीन दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचारच करवत नाही. भारतातून एअरफोर्सच्या विमानाने ३० टनाच्या वर सामान आणि कोस्ट गार्डची १० जणांची टीम आली होती, ते ऐकून मला रडू आलं, खोटं नाही सांगत. किनाऱ्याजवळच्या इल ओ एग्रेत या छोट्या बेटावरची दुर्मिळ झाडांची रोपं आणि काही पक्षी-सरडे हलवावे लागले, तिथे गुलाबी कबुतरं आहेत जी १९९० च्या आसपास जंगलात दहा-बाराच उरली होती आणि माणसांनी एक एक करून वाढवली. ऑगस्टअखेर ४० च्या वर डॉल्फिन मरून किनाऱ्याला लागले, कशाने मेले यावर वाद झाले. ३१ तारखेला या कामावर असलेली एक टगबोट खवळलेल्या समुद्रात बार्जला धडकून बुडाली, त्यात खलाशी गेले, तुमच्यासारखेच. लोक काळे कपडे घालून रस्त्यावर आले, आधी २९ ऑगस्टला पोर्ट लुईला, मग १२ सप्टेंबरला आमच्या माएबूरमध्ये. लगूनमध्ये मासेमारी बंद, कित्येक महिने. त्यात कोविड, विमानतळ बंद, टुरिस्ट शून्य, म्हणजे दुसरा धंदापण नाही. बाजारात मासे घेऊन बसलेल्या बाईला गिऱ्हाईक पहिलं विचारायचं, कुठले आहेत? माएबूरचे म्हटलं की पुढे.

आता मुद्द्यावर येते. बोट तिथे आलीच कशी?

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं इंजिन बंद पडलं असेल, वादळ असेल. नव्हतं तसं. जहाज भाड्याने चालवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलं की ठरलेल्या मार्गाप्रमाणे बोट बेटापासून २२ नॉटिकल मैलांवरून जायची होती, म्हणजे ४० किलोमीटर. दोन दिवस आधी ते अंतर ५ मैल केलं. आणि त्या दिवशी ५ चे २ करायला निघाले. कशासाठी, तर मोबाईलची रेंज मिळावी म्हणून. त्यात जो चार्ट वापरत होते तो इतक्या जवळच्या पाण्यासाठी पुरेशा स्केलचा नव्हता, किनारा किती लांब आणि पाणी किती खोल हे त्यावर नीट कळतच नव्हतं. शेवटी किनाऱ्यापासून ०.९ मैलावर, १० मीटर पाण्यात ती बसली. बारा नॉटने, म्हणजे तासाला बारा नॉटिकल मैलांनी, चाललेली बोट दोन मैल दहा मिनिटात कापते हे तुम्हाला मी सांगायला नको.

चौकशीत आलं की त्या दिवशी बोटीवर एकाचा वाढदिवस होता. पोरांना घरच्यांशी बोलायचं होतं. कॅप्टन आपल्या भारतातला, चीफ ऑफिसर श्रीलंकेचा. दोघांनी गुन्हा कबूल केला आणि २७ डिसेंबर २०२१ ला कोर्टाने दोघांना २० महिन्यांची शिक्षा दिली. इथल्या लोकांना त्या दोघांबद्दल किती राग होता ते मी रोज बाजारात ऐकलंय, भारतीय दिसते म्हणून मला कोणी काही बोललं नाही कधी, पण मान खाली जायची.

आणि तरी भावांनो, मला त्यांचा नुसता राग करता आला नाही. कारण माझा भाऊ त्याच वेळी दुसऱ्या एका बोटीवर अडकलेला होता. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, चौदावा महिना चालू, कोविडमुळे बहुतेक पोर्ट क्रू चेंज, म्हणजे बोटीवरची माणसं बदलू, देत नव्हते, जगभरात त्या वर्षी ४ लाखांच्या आसपास खलाशी असे मुदत संपून अडकून पडले होते. बोटीवर इंटरनेट होतं म्हणायला, कार्ड विकत घ्यायचं, दोन व्हॉट्सअॅप मेसेज गेले की संपायचं. करंज्याला आई आजारी. मी त्याला सारखं म्हणायचे, अरे जमीन दिसली की कर ना रे फोन, पाच मिनिटं तरी कर. मीच म्हणायचे. तो मला सांगायचा की ताई, किनारा जवळ आला की डेकवर जत्रा असते, सगळे हात वर करून फोन धरून उभे, रेंजची एक काडी जरी आली तरी ओरडतात, कोणाला मुलगी झालेली तेव्हा कळते, कोणाचे वडील गेलेले तेव्हा कळतात. म्हणून डिसेंबरमध्ये ती रेंजची बातमी वाचली तेव्हा मी मोबाईल पालथा टाकला आणि बराच वेळ उचललाच नाही. माझ्या गावाचा समुद्र ज्या पाच मिनिटांसाठी गेला ती पाच मिनिटं मी पण मागत होते.

म्हणून हे पत्र मला लिहायलाच पाहिजे होतं, आणि म्हणून ते शिव्या देणारं नाही.

वर म्हटलं ना बाबांना तसं बसलेलं बघितलंय. ७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन बोटी एकमेकींवर आदळल्या, चित्रा कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, काहींमध्ये तर कीटकनाशकं, आणि शेकडो टन तेल बाहेर आलं. आमच्या उरणच्या बाजूला तिवरांच्या मुळांना काळं चिकटलेलं मी स्वतः बघितलंय. पावसाळी बंदी संपत आलेली, होड्या रंगवून तयार, जाळी शिवून तयार, नारळी पौर्णिमेला अडीच आठवडे, आणि मुंबईत मासे खायला कोणी तयार नाही. आईने टोपली घेऊन जावं आणि तशीच परत आणावी. बाबा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवून बसायचे, बोलायचे नाहीत. मला तेव्हा वाटलेलं असं एखाद्या माणसाच्या आयुष्यात एकदाच होत असेल, तर बरोबर दहा वर्षांनी एका दिवसाच्या फरकाने दुसऱ्या देशात, दुसऱ्या किनाऱ्यावर, परत तेच.

आता मागणं. तुमच्यापैकी जे ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या जागी असतात, त्यांना हात जोडून सांगते की पॅसेज प्लॅनमधलं, म्हणजे आधी ठरवलेल्या मार्गातलं, बेटापासूनचं अंतर सिग्नलसाठी कमी करू नका, एक मैलसुद्धा. कुठल्याही कारणाने मार्ग बदललाच तर त्या पाण्याचा मोठ्या स्केलचा, म्हणजे बारकावे दाखवणारा, चार्ट आहे का आधी बघा, नसेल तर तिथे तुमचं काम नाही. आमच्या या बेमध्ये ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंच आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली, फ्रेंच जिंकले, पॅरिसच्या त्या मोठ्या कमानीवर तिचं नाव कोरलंय. त्या लढाईत इंग्रजांची सिरियस आणि मॅजिसियेन ही दोन जहाजं याच प्रवाळात रुतली, निघेनात म्हणून त्यांच्याच खलाशांनी ती जाळून टाकली. म्हणजे हे प्रवाळ कुठे आहे हे दोनशे वर्षांपूर्वी रक्त सांडून माहीत झालेलं आहे. जीपीएसच्या जमान्यात ते परत शोधायची गरज नव्हती.

जे ब्रिजवर नसतात, पण कळतं, त्यांनी बोलावं. मला माहितीय बोटीवर कॅप्टनपुढे बोलणं किती अवघड असतं, भाऊ सांगतो, कॅडेटला तर सर म्हणून मान खाली घालायची सवयच लावतात, पुढच्या कॉन्ट्रॅक्टची भीती असते, एजंटला दिलेले पैसे फिटायचे असतात. तरी पण, किनाऱ्याचे दिवे नेहमीपेक्षा मोठे दिसायला लागले की विचारा, सर आपण इतके जवळ का? विचारण्यात काही जात नाही. रेंज आली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी विचारा.

आणि तिसरं, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा फोन हा तुमचा हक्क आहे, तो कॅप्टनने मार्ग वाकवून द्यायची मेहरबानी नाहीये. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला तुम्ही एमएलसी म्हणता, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे, शक्य तिथे बोटीवर खलाशांना इंटरनेट द्यायचं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे. भारतानेही हा करार मान्य केलाय. कितीजणांना हे माहितीय? माझ्या भावाला नव्हतं, मी सांगितलं. "शक्य तिथे" आणि "वाजवी" या दोन शब्दांच्या आड लपणाऱ्या कंपन्या असणारच, म्हणून जॉइन करण्याआधीच विचारा, बोटीवर नेट आहे का, महिन्याला किती डेटा, कितीला. पगार विचारता ना तसंच. नसेल तर युनियनला कळवा, डीजी शिपिंग, जहाजांचं सरकारी खातं, तर मुंबईतच आहे. अहो ३०० मीटरची बोट, तिच्या एका दिवसाच्या तेलाच्या खर्चात पोरांचं किती दिवसांचं नेट येईल. हे कंपन्यांनी आधीच केलं असतं तर टोंटोंचा शर्ट आज अंगावर असता, एवढा सरळ हिशोब आहे हा माझ्यापुरता.

भरपाईचं विचारतात लोक. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, टँकरमधून माल म्हणून नेलेलं तेल सांडलं तर त्यासाठी देशांनी मिळून केलेला मोठा फंड आहे, पण वाकाशियो टँकर नव्हती, सांडलं ते तिचं स्वतःचं इंधन, म्हणून तो फंड इथे लागूच झाला नाही. मग मालकाच्या विम्यातून, तेही कायद्याने मर्यादा घातलेली रक्कम. तेल तेच, मासा तोच मेला, पण कागदावर वेगळं. आमच्या गल्लीत कोणाकोणाला काय मिळालं, कोणाचं रजिस्ट्रेशन नव्हतं म्हणून काहीच मिळालं नाही, तो विषय मी इथे काढत नाही, त्यात फार जखमा आहेत. पायाने चालत उरीत काढणाऱ्या बायकांकडे कुठला कागद असणार एवढंच सांगते.

बोटीचा मागचा तुकडा जानेवारी २०२२ पर्यंत तिथेच होता, रोज सकाळी चहा घेताना दिसायचा. तो गेला, आता ती जागा रिकामी आहे, नवीन आलेल्या टुरिस्टला सांगितलं तर खरं वाटत नाही. लगून परत निळं दिसतं. टोंटों परत जातात, पिरोग नवीन रंगवली, पण निळा पट्टा आता थोडा वर घेतलाय, काळी रेघ जिथपर्यंत चढली होती तिथपर्यंत.

घरच्यांनाही एक सांगायचंय. माझ्यासारखं करू नका. "जमीन दिसली की फोन कर" हे म्हणणं सोडा. त्याऐवजी विचारा, तुमच्या बोटीवर नेट दिलंय का, नसेल दिलं तर आम्ही इथून कोणाला लिहू? आपण बायकांनी लिहिलं तर कंपन्यांना उत्तर द्यावं लागतं, पोरांची नोकरी पण त्यात मध्ये येत नाही.

भाऊ आता सेकंड मेट आहे. या महिन्यात त्याची बोट सिंगापूरहून ब्राझीललाच निघालीय, त्याच मार्गाने, आमच्या बेटाच्या खालून. त्याने मला मार्ग सांगितलाय, अंतर पण सांगितलंय, मी ते कागदावर लिहून फ्रीजला लावलंय. इतक्या लांबून माझ्या घराचे दिवे त्याला दिसणार नाहीत आणि मला त्याची बोट दिसणार नाही. त्या रात्री मी आणि सासूबाई वॉटरफ्रंटवर जाऊन बसणार आहोत, मुलगीपण येते म्हणालीय मामाला टाटा करायला. बोटीवरच्या नेटने मेसेज करतो म्हणालाय, बेटाजवळून पास झालो म्हणून. इथले अकरा वाजलेले असतील, म्हणजे करंज्याला साडेबारा, आईला सकाळी कळवीन.